लोकेशन पाठवलं म्हणजे पत्ता झाला का?

तुम्ही राहता कुठे? प्रश्न सोपा वाटतोय ना? मग एक काम करा. ज्या रूमवर राहता, तिचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून काढा. ‘मारुतीच्या देवळाजवळ’, ‘झेरॉक्सवाल्याच्या वर’, ‘काळ्या गेटमधून आत, डावीकडचा जिना’ असलं काही चालणार नाही. घर क्रमांक हवा, मजला हवा आणि तो भाग सरकारदरबारी कुणाच्या नावावर आहे, तेही हवं. पुण्यात पेठेतल्या वाड्यात किंवा कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या बंगल्यात भाड्यानं राहणारे तुमच्यापैकी बरेच जण इथेच अडतील.

कारण ही घरं मुळात एका कुटुंबासाठी बांधलेली. पुढे भाऊ वेगळे झाले, मध्ये भिंत आली, बाहेरून लोखंडी जिना लागला, गच्चीवर पत्र्याची खोली चढली. एका घराची चार घरं झाली, पण कागदावर घर एकच राहिलं. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव, लाइट बिलावर थोरल्या काकांचं, टॅक्सच्या बिलावर तिसऱ्याच कुणाचं. वाटणी तोंडी झालेली आणि वारसनोंद ‘करायचीये’. आपण भाडं देतो ते मात्र चौथ्याला.

मी राहते त्या घराला तीन बेल आहेत, तीन चुली आहेत आणि घर क्रमांक एकच. माझं बँकेचं कार्ड ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा मारून दोनदा परत गेलं. पार्सलचं एवढं काही नाही, डिलिव्हरीवाल्या दादांना फोन करून जिना सांगता येतो. पण मतदार यादीला फोन करून जिना सांगता येत नाही.

आणि खरी गोम इथेच आहे. अठरा पूर्ण झाली की शिकतो त्या शहरात मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. फॉर्म ६ सोबत पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो. कागद नसेल तर बीएलओ घरी येऊन खात्री करतात. आता समजा, ते नेमके खालच्या मजल्यावर गेले आणि भावाशी दहा वर्षं न बोललेल्या काकांनी सांगितलं, ‘अशी कुणी मुलगी इथे राहत नाही.’ संपलं! बँकेचं केवायसी, पोलिसांकडची भाडेकरूची नोंद, पासपोर्टची पडताळणी, सगळीकडे हाच घोळ. घरातलं भांडण त्यांचं, पण त्याचा भुर्दंड भाडं भरणाऱ्या पोरांना.

एजंट सांगतात, ‘अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्टर कशाला? नोटरी करून टाकू.’ हे साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे, असा करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक वेगळं सिद्ध करत नाही तोवर. हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

मालक का टाळतात? एक साधं कारण म्हणजे पैसा. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्यानं दिल्याचं कागदावर आलं की ती जाते. पण सगळेच मालक लबाड नसतात. वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी चालवणाऱ्या आजींकडे खरंच कागद नसतात. दावा कोर्टात अडकलेला असतो. त्यांना धमकावून आपला पत्ता सुधारणार नाही.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की पत्ता आणि मालकी या दोन गोष्टी आता वेगळ्या करायला हव्यात. घर कुणाचं, हे कोर्टाला ठरवू द्या, वीस वर्षं लागली तरी लागू देत. पण त्या जिन्यावर वेगळं दार आहे, वेगळी चूल आहे, तिथे माणसं राहतात, हे तर आजच दिसतंय ना? महापालिकेनं अशा प्रत्येक दाराला स्वतंत्र उपक्रमांक द्यावा. त्यानं कुणाचा हक्क वाढत नाही की कमी होत नाही. टॅक्सच्या बिलावर नाव असणं हासुद्धा मालकीचा पुरावा नसतोच. मग दाराच्या नंबरला एवढं घाबरायचं कशाला?

‘आता सगळ्यांकडे मॅप आहे, पत्ता हवा कुणाला?’ असंही कुणी म्हणेल. आपल्या देशाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड मिळाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतून. २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी-आकडी कोड. कल्पना भारीच आहे. पण तळमजल्यावरचे काका आणि त्यांच्या डोक्यावरची माझी खोली, दोघांचा कोड एकच! लोकेशन जागा दाखवतं. तिथे कोण राहतं, हे सांगायला पत्ताच लागतो.

‘एवढं विचारलं तर रूम हातची जाईल’ ही भीती खोटी नाही. जून-जुलैत एका खोलीमागे दहा जण रांगेत असतात. म्हणून हे एकट्यादुकट्यानं होणार नाही. कॉलेजेस वसतिगृहाची यादी लावतात, तशी नोंदणीकृत करार करून देणाऱ्या घरांची यादी का लावत नाहीत? स्टुडंट कौन्सिलनं हा विषय घ्यावा. फेस्टच्या स्पॉन्सरशिपइतकाच तो आपल्या कामाचा आहे.

तोवर निदान एवढं करा. रूम बघायला गेल्यावर पाण्याची वेळ, वायफाय, रात्री गेट किती वाजता बंद होतं, हे सगळं तुम्ही विचारताच. डिपॉझिट देण्याआधी त्याच दमात आणखी तीन गोष्टी विचारा. ‘काकू, लाइट बिल कुणाच्या नावावर आहे? टॅक्सचं बिल बघायला मिळेल का? आणि करार रजिस्टर करायचा ना?’ करारात मजला, बाजू आणि जिना स्पष्ट लिहून घ्या. काकू कदाचित चिडतील. पण पुढची अकरा महिने तुम्ही नक्की कुठे राहता, हे सांगणारा कागद तुमच्या हातात असेल.