तबेल्यातलं भांडण मिटवू नका

घोडेस्वारी शिकवणारे सर आणि तबेल्याचे मालक यांचं वाजलं, की आजूबाजूला शहाण्यांचं पीक येतं. 'दोघांचेही इगो मोठे.' 'जागा ज्याची, शब्द त्याचा.' 'आपण पैसे भरतो, तासभर घोड्यावर बसतो, घरी येतो. आपल्याला काय करायचंय?' गेल्या चार वर्षांत पुण्याच्या आसपासच्या दोन तबेल्यांत शिकताना ही तिन्ही वाक्यं मी अगणित वेळा ऐकली. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. सर आणि मालक यांच्यात मतभेद असणं हा बिघाड नाही. घोड्याच्या वाट्याला आलेलं ते जवळपास एकमेव संरक्षण आहे. बिघाड आहे तो ते भांडण तोंडी, कुजबुजीत आणि एकाला गप्प बसवून संपवण्यात.

आधी पैशाचं बघू, कारण 'इगो' हा शब्द बहुतेक वेळा पैशावर पांघरूण घालायलाच वापरला जातो. तबेल्यात दोन प्रकारचे घोडे असतात. काही तबेल्याचे स्वतःचे. त्यांच्यावर माझ्यासारखे लोक शिकतात. बाकीचे बोर्डिंगचे, म्हणजे मालकी दुसऱ्याची, पण राहतात इथे. त्यांचा मालक दरमहा ठरावीक रक्कम देतो आणि त्यात चारा, दाणा, बेडिंग, सईसाची मजुरी सगळं येतं. म्हणजे तबेलामालकाचं उत्पन्न महिन्याला बांधलेलं आणि खर्च मात्र रोजच्या बाजारभावाचा. वाचलेली प्रत्येक पेंढी त्याच्या खिशात राहते. सर अनेक ठिकाणी पगारी नसतात. त्यांना प्रत्येक तासामागे हिस्सा मिळतो. घोडा विश्रांतीला उभा राहिला, की त्यांची कमाई थांबते.

थोडक्यात, मालकाला मोह गव्हाणीत होतो आणि सरांना रिंगणात. यासाठी दोघांपैकी कुणीही वाईट माणूस असण्याची गरज नाही. हिशेबच तसा आहे. म्हणूनच 'घोडा दमलाय, आता पुढची बॅच नाही' हे मालकाने म्हणायला हवं आणि 'घोडा उपाशी आहे' हे सरांनी म्हणायला हवं. यातला एक गप्प झाला, की एका मोहावर कुणाचाच पहारा राहत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ज्याने कोड लिहिला त्यानेच तो तपासून मंजूर करायचा नाही, हा अगदी साधा नियम आहे. लिहिणारा चोर आहे असा त्याचा अर्थ कुणी काढत नाही.

मी पाहिलेलं भांडण चाऱ्यावरून झालं. एका उन्हाळ्यात लसूणघास आणि कडबा दोन्ही महागले. रात्रीचं गवत कमी झालं आणि भर म्हणून दाणा वाढला. पाहणाऱ्याला घोडे चांगले गुटगुटीत दिसत होते. पण घोड्याचं पोट आपल्यासारखं चालत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. म्हणून त्याला थोडं थोडं, पण जवळजवळ सतत चघळायला लागतं. साधारण ४५० किलोच्या घोड्याला रोज ७ ते ९ किलो सुका चारा हवा. रात्रभर गव्हाण रिकामी राहिली, की जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. चारा कमी करून दाणा वाढवला, की पोटशूळाचा धोका वाढतो. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं तोंडावाटे बाहेर यायची सोयच नाही. पोटशूळाने घोडे मरतात, आणि काही तासांत मरतात.

सरांनी हे काढलं तेव्हा मालकांनी दिलेलं उत्तर मला शब्दशः आठवतं: "तुम्ही रिंगणात शिकवा, गव्हाणीत डोकावू नका."

हे एक वाक्य या धंद्याची सगळी विचारसरणी सांगून जातं, आणि ते साफ चूक आहे. गव्हाणीत जे घडतं ते पहिल्यांदा रिंगणातच दिसतं. तंग आवळताना घोडा कान मागे पाडतो, चावायला वळतो, जो घोडा काल हाकेसरशी दुडक्या चालीत जायचा तो आज पाय उचलत नाही. याचं एक कारण पोट असू शकतं. ते सरांना दिसतं. ते त्यांनी बोलायचं नाही असं ठरलं, तर पर्याय एकच उरतो: घोडा 'हट्टी' ठरवायचा आणि चाबूक काढायचा. आणि बिथरलेल्या घोड्यावरून जो पडतो तो मालक नसतो, सरही नसतात. तो तिसऱ्या आठवड्यात शिकणारा कुणी बारा वर्षांचा मुलगा असतो.

रिंगण आणि तबेला यांची अशी फारकत झाली की काय होतं, ते जगाने टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, थेट प्रक्षेपणात पाहिलं. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये स्वाराला अनोळखी घोडा चिठ्ठीने मिळायचा आणि ओळख करून घ्यायला फक्त २० मिनिटं. सेंट बॉय नावाचा घोडा आधीच्या स्वारासोबतच उडी घ्यायला नकार देत होता. तरी तोच घोडा आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूकडे आला. ती रडत त्याला चाबूक मारत राहिली, आणि तिच्या प्रशिक्षिकेने कुंपणाबाहेरून घोड्याला मूठ मारली. प्रशिक्षिकेला स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं आणि पुढे पॅरिसनंतर या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकायचं ठरलं. सगळ्यांनी त्या दोघींना झोडपलं. पण घोडा कुठे राहतो, काय खातो, कालपासून कसा आहे, हे ज्यांना माहीत नाही आणि विचारायचा हक्कही नाही, अशांच्या हाती लगाम देणारा नियम कुणी केला होता? 'गव्हाणीत डोकावू नका' याचंच ते ऑलिम्पिक रूप होतं.

आमचे सर संत नव्हते, हेही सांगायला हवं. रविवारी एकाच घोड्यावर लागोपाठ चार तास घेताना मी त्यांना पाहिलंय. भांडण पेटल्यावर त्यांनी बोर्डिंगवाल्या चार जणांना गुपचूप फोन करून दुसऱ्या तबेल्याचा भाव ठरवला. एका रात्री घोडे न्यायला ट्रक आला. मालकांनी फाटक लावून घेतलं आणि बाकी वसूल होईपर्यंत घोडा सुटणार नाही म्हणाले. खोगिरं खोलीत, खोलीला कुलूप. दोन दिवस हा तमाशा चालला. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपचे दोन झाले आणि दोन्हीकडे 'विश्वासघात' हा शब्द फिरत राहिला.

आता 'जागा ज्याची, शब्द त्याचा' या वाक्याकडे येऊ. कायदासुद्धा इतकं सोपं उत्तर देत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या न्यायालयांनी एक मजेशीर भेद केला: घोडा शिकवून तयार करणाऱ्याला त्याचे पैसे मिळेपर्यंत घोडा अडवून ठेवता येईल, कारण त्याच्या कौशल्याने घोड्याची किंमत वाढते, नुसतं ठेवून खाऊ घालणाऱ्याला, तसा वेगळा करार नसेल तर, तो हक्क नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी नंतर कायदे करून तबेलेवाल्यांनाही तो दिला. आपल्या १८७२च्या करार कायद्याचं कलम १७० 'मेहनत किंवा कौशल्य' वापरून वस्तूवर केलेल्या कामाबद्दलच बोलतं. म्हणजे फाटकाला कुलूप लावण्याचा हक्क मालकी जागेतून आपोआप उगवत नाही. काय ठरलं होतं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. आणि १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा तर मालकीचा प्रश्नच विचारत नाही. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार जनावर ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, अशा प्रत्येकावर त्याच्या भल्याची जबाबदारी आहे. प्रत्येकावर. सर त्यात आले आणि मालकही आले. गव्हाणीत डोकावणं हा आगाऊपणा नाही, ते कर्तव्य आहे.

मग हे सगळं आधीच कागदावर का नसतं? कारण आपल्याकडे तबेला 'घरच्यासारखा' असतो. मालक सगळ्यांचे 'काका' असतात. काकांशी करार कसा करायचा? असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, की घरच्यासारखं या शब्दाचा फायदा घरातल्या थोरल्यालाच होतो. सरांना नोटीस न देता काढता येतं, बोर्डिंगचा दर मध्येच वाढवता येतो, आणि कुणी विचारलं तर 'आपल्यात कशाला हिशेब?' काकांचा फायदा संपला की तेच म्हणतात, 'धंदा आहे, धर्मशाळा नाही.'

शिवाय लिहून ठेवणं हे काही परदेशी थेर नाही. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी धाडलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने खर्च करा, आज मनमानी उधळाल तर पुढे घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असा त्याचा आशय. शिवाय विस्तव जपा, गवताच्या गंजीला आग लागली तर सगळं जाईल, अशा बारीक सूचना. साडेतीनशे वर्षांपूर्वी, चालत्या लढायांमध्ये, गव्हाणीचा प्रश्न लेखी हुकुमाचा होता. महाराजांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या तबेल्याला चार ओळी लिहायला जड जाऊ नये.

या भांडणात ज्याचं नाव कुठल्याच ग्रुपवर येत नाही तो माणूस म्हणजे सईस. कुठून कुठून आलेला, घोड्यांच्या शेजारच्या खोलीत झोपणारा. रात्री दोनला घोडा लोळतोय हे त्याला कळतं, कुणी चारा शिल्लक ठेवला हे त्याला माहीत असतं. मालक म्हणतात दोन पेंढ्या, सर म्हणतात चार. दोन घातल्या तर सर ओरडतात, चार घातल्या तर मालक पगार कापतात. सर दुसरा तबेला शोधतात, मालक दुसरे सर शोधतात. सईस मात्र तिथेच असतो, आणि घोडाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक घोड्याच्या दारावर एक कागद: काय, किती, केव्हा, आणि तो कागद कुणाच्या सहीने बदलेल. एका घोड्याचे दिवसाला जास्तीत जास्त किती तास. लंगडण्याबद्दल किंवा पोटाबद्दल दुमत झालं तर शब्द डॉक्टरांचा, तोवर घोडा उभा. घोडा ठीक नाही असं वाटलं तर तास रद्द करायचा हक्क सरांना, आणि त्यासाठी त्यांना काढता येणार नाही. सईसाला हुकूम एकाच माणसाचा. सोडताना दोन्ही बाजूंनी महिन्याची नोटीस, आणि बाकीचा वाद पैशाचा. त्यासाठी घोडा ओलीस नाही.

'कागदाने माणसं चांगली होतात का?' असं विचारलं जाईल. नाही होत. पण कागदामुळे 'दोन पेंढ्या की चार' हा प्रश्न 'तू मोठा की मी' असा राहत नाही. भांडण पेंढ्यांवर राहतं, आणि पेंढ्या मोजता येतात. छोट्या तबेल्याला वकील परवडत नाही, हे खरं. पण यातल्या एकाही ओळीसाठी वकील लागत नाही. एक वही लागते आणि ती उघडी ठेवायची तयारी लागते.

आणि ही वही कोण मागणार? सर मागतील तर 'डोईजड' ठरतील, सईस मागेल तर घरी जाईल, घोडा मागू शकत नाही. उरतो आपण, दर महिन्याला फी भरणारे. 'आपल्याला काय करायचंय' म्हणणाऱ्यांना म्हणूनच माझं सांगणं आहे, की आपण मध्ये पडत नाही हा आपला मोठेपणा नाही. आपल्या तासाची वेळ बदलू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. पुढच्या महिन्याची फी भरण्याआधी काकांना नमस्कार करा, चहा घ्या, आणि मग गव्हाणीत डोकवा.