भात कोणी लावला?

अमेरिकेच्या दक्षिणेत राहणारी आपली आयटीतली मंडळी लाँग वीकेंड आला की चार्ल्स्टनला जातात. मग फोटो येतात. रंगीत घरं, नक्षीची लोखंडी फाटकं, फाटकातून दिसणारी बाग, बशीत कोळंबी आणि ग्रिट्स. खाली एक ओळ: 'साउथचा पाहुणचार!' माझं भांडण आहे ते या ओळीशी.

घरं सुंदर आहेत, वादच नाही. 'सिंगल हाऊस' म्हणजे एका खोलीच्या रुंदीचं घर, अरुंद बाजू रस्त्याला आणि लांबीभर पडवी. उन्हाळ्यात वारं घरभर खेळतं. १९३१ साली शहराने नियम करून हा जुना भाग जपला. अमेरिकेतला असा पहिलाच प्रयत्न. पण मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या माडीवर गुलाम राहायचे. त्यातल्या कित्येक खोल्या आज 'किचन हाऊस' अशा गोंडस नावाने पाहुण्यांना भाड्याने मिळतात. बाकी फाटकांचं म्हणाल तर शहरातली शेकडो नक्षीकामं फिलिप सिमन्स (१९१२-२००९) या कृष्णवर्णीय लोहाराच्या हातची आहेत. फाटकाचा फोटो सगळ्यांकडे असतो, त्याचं नाव विचारून बघा.

आता जेवण. हे शहर श्रीमंत झालं ते भातावर. भरतीबरोबर नदीचं गोडं पाणी चढायचं, ते दारं उघडून शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. रायगडातला खारबंदिस्तीचा बांध किंवा गोव्याची खाजणं पाहिलेल्या माणसाला हे काम काय असतं ते सांगायला नको. दलदलीतलं जंगल तोडून मैलोन्‌मैल बांध घातले गुलामांनी, चिखलात, साप आणि मलेरियाच्या संगतीत. १८ व्या शतकातल्या विक्रीच्या जाहिरातींत 'राइस कोस्ट'चे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरचे गुलाम, असा उल्लेख सापडतो. शेतीच्या ज्ञानाचं श्रेय नेमकं किती कोणाला, यावर इतिहासकार भांडतात. घाम कोणाचा, यावर कोणी भांडत नाही.

तिथला रेड राइस हा पश्चिम आफ्रिकेतल्या जोलोफचा भाऊबंद. पण १९५० साली गोऱ्या घरांतल्या बायकांच्या ज्युनियर लीगने 'चार्ल्स्टन रिसीट्स' हे पुस्तक काढलं, त्यात पाककृतींखाली नावं बाईसाहेबांची. चुलीपाशी उभी राहिलेली बाई बहुतेक वेळा बिननावाचीच.

"अरे, किती जुनं उगाळणार? सुट्टी आहे, एन्जॉय कर ना!" हे मला हमखास ऐकवलं जातं. जुनं असतं तर गप्प बसलो असतो. २०१८ साली नगर परिषदेने गुलामगिरीबद्दल माफी मागितली, तीही ७ विरुद्ध ५ मतांनी. आणि जमिनींचं बघा. सातबाऱ्यावर वीस नावं, मृत्युपत्र कोणाचंच नाही, हा प्रकार आपल्याला चांगला माहीत आहे. तिथल्या गुलामांच्या वंशजांच्या, गल्ला गीची लोकांच्या, जमिनी अशाच सामाईक आहेत. बिल्डरने एका लांबच्या वारसाचा हिस्सा घ्यायचा, वाटणीचा दावा लावायचा आणि अख्खी जमीन लिलावात काढायची. २०१६ साली राज्याने याला थोडा आळा घालणारा कायदा केला. त्याला नाव दिलंय क्लेमेंटा पिंकनी यांचं. ते राज्याचे सिनेटर आणि शहरातल्या इमॅन्युएल चर्चचे पाद्री. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी एक अनोळखी गोरा तरुण चर्चमध्ये आला, त्याला त्यांनी बायबलच्या वर्गात सामावून घेतलं. त्याने त्यांच्यासकट नऊ जणांना गोळ्या घातल्या.

पाहुणचार म्हणायचाच तर मी त्या संध्याकाळच्या वागण्याला म्हणेन.

तर चार्ल्स्टनला जा, जरूर जा. पण ज्या धक्क्यावर गुलामांची जहाजं लागायची, तिथे २०२३ मध्ये उघडलेल्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियमला अर्धा दिवस द्या. बाजारात स्वीटग्रासच्या टोपल्या विणणाऱ्या मावशींशी घासाघीस करू नका. त्या टोपलीचं मूळ भात पाखडायच्या सुपात आहे आणि एकेका टोपलीला कित्येक दिवस लागतात. आणि प्लँटेशनवर प्री-वेडिंग शूट करायचंच असेल, तर मागच्या गुलामांच्या खोल्यासुद्धा फ्रेममध्ये येऊ द्या. बघा, तो फोटो लग्नाच्या अल्बममध्ये लावावासा वाटतो का.