'पानी', 'येर' आणि लाल रेघ

गोंदिया जिल्ह्यात पहिलीतले मूल 'पानी' लिहिते आणि त्याखाली गुरुजींची लाल रेघ उमटते. माझ्या मते चूक असलीच तर ती त्या रेघेची. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो. हिंदी बोलणाऱ्या घरातही 'पानी'च. कानाने ऐकले ते हाताने बिनचूक उतरवले, याहून साक्षरता वेगळी ती काय? 'ण' काय, पुढे शिकवता येतो.

सालेकसा-देवरीकडच्या गोंडी मुलाची अडचण मात्र मोठी. गोंडी ही द्राविडी कुळातली. तिच्यात पाण्याला 'येर' म्हणतात. पुस्तकातले चित्र त्याला कळते, खालचा शब्द परका. मग ते गप्प बसते आणि आपण त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो!

भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५०-क कलम १९५६ पासून सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तेच 'शक्यतो'ची पुस्ती जोडून म्हटले. या 'शक्यतो'तच सारे अडते. फळ्यावर 'येर' लिहून शेजारी 'पाणी' लिहायला कुठला शासननिर्णय लागतो? गुरुजींना गोंडी येत नसेल, तर शब्द मुलेच सांगतील.