तू कुठल्या बेंचवर?

शाळेत हा प्रश्न किती साधा होता, नाही? पहिल्या बेंचवर स्कॉलर मंडळी, शेवटच्या बेंचवर आपण आणि आपले डबे. बेंचवर उभं राहणं ही शिक्षा, बसणं हा हक्क. आता हाच प्रश्न हिंजवडीतल्या एखाद्या कॅन्टीनमध्ये विचारून बघा. समोरच्याचा चहा हातातच थंड होईल!

खरं तर बेंच हा मोठा मानाचा शब्द. कोर्टात बेंच म्हणजे थेट न्यायमूर्तीच. फळीवर बसणाऱ्याला फळीचंच नाव मिळालं. आपल्याकडे त्याला 'खंडपीठ' असा भारदस्त शब्द आहे. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं कामकाज सुरू झालं, तेव्हा जो तो 'सर्किट बेंच'च म्हणत होता. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईवारी वाचवणारा बेंच! विधानसभेत सत्ताधारी बाकं, विरोधी बाकं, आणि घोषणा आवडली की ती वाजवायची. (आपण मीटिंगमध्ये टेबल वाजवलं तर एचआर बोलावून घेईल.)

आणि बँक? तीही याच घरातली. इटलीतले सराफ बाकावर, म्हणजे 'बांका'वर, पैशांची देवघेव करायचे, त्यावरून बँक. 'बँकरप्ट'च्या मुळाशी आहे 'बांका रोत्ता', मोडलेलं बाक. थोडक्यात, बँकिंगचा प्रोजेक्ट संपून बेंचवर आलेला माणूस मूळ पदावर आला म्हणायचं!

हा विनोद मी एका मैत्रिणीला ऐकवला. ती हसली नाही. पाचवा आठवडा आहे तिचा. प्रोजेक्ट संपला, पुढचा मिळेपर्यंत पगार चालू, काम बंद. पहिला आठवडा झकास गेला, झोप आणि शॉपिंग. तिसऱ्या आठवड्यापासून आयडी कार्ड गळ्यातून पर्समध्ये गेलं. साताऱ्याला फोनवर 'बेंचवर आहे' म्हणाली, तर आई म्हणते, "का गं, खुर्ची नाही दिली?" पुढच्या रविवारी स्थळ बघायला आलं. मुलाने 'सध्या काय चाललंय?' विचारलं, तेव्हा तिने 'बँकिंग डोमेन' सांगून वेळ मारून नेली.

तिची भीती उगाच नाही. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला: वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल हवेत, बेंचवर जास्तीत जास्त ३५. एकेकाळी बेंचवर लोक नवी लँग्वेज शिकायचे, गिटारसुद्धा शिकायचे. आता दिवस मोजतात. गंमत अशी की हा बेंच कंपनीलाच हवा असतो. अचानक नवा क्लायंट आला तर माणसं हाताशी पाहिजेत ना? सोय तिची आणि मान खाली घालायची आपण, हे काही मला पटत नाही.

क्रिकेटमध्ये निदान 'बेंच स्ट्रेंग्थ' अभिमानाने सांगतात. १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या मॅचमध्ये सचिन-विनोदने ६६४ रन्सची भागीदारी केली, तेव्हा पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसून होता... अमोल मुझुमदार. पुढे त्याने रणजी पदार्पणातच २६० केले, फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन्स केल्या, आणि भारताकडून एकही मॅच खेळला नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा त्यांचा कोच तोच होता. बाकी कुणाचे डोळे ओले झाले असतील-नसतील, माझे झाले.

हे मात्र मैत्रिणीला सांगितलं नाही, लेक्चर वाटलं असतं. गुरुवारी तिचा क्लायंट इंटरव्ह्यू आहे, रात्री साडेदहाचा कॉल. विचारलं, कुठलं डोमेन? म्हणाली, "बँकिंग." यावेळी खरंखुरं!