ना कुमारिका, ना रक्तसाक्षी

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेपूर्वीच्या लॅटिन मिस्साग्रंथात संत स्त्रियांच्या सणांसाठी जे विभाग होते, त्यांतील एकाचे शीर्षक होते : 'ना कुमारिका, ना रक्तसाक्षी'. संसार करून जी पवित्र झाली, तिला ती काय नव्हती यावरून ओळखावे, हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. महासभेनंतर १९७० साली आलेल्या मिस्साग्रंथात ते शीर्षक उरले नाही. ते आपल्या मनातूनही पुसले गेले काय? नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या धर्मग्रामांत आजही दोन समजुती नांदत आहेत. पहिली अशी, की संसार हा साधनेतील अडथळा असून खरी आध्यात्मिकता मठाच्या भिंतींआड असते. दुसरी वरवर पाहता फार गोड आहे. मातेला निराळ्या साधनेची गरजच काय, चूल हीच तिची वेदी आणि लेकरांची सेवा हीच तिची प्रार्थना, असे म्हटले जाते. हे ऐकताना डोळे पाणावतात. पण ते उच्चारणाऱ्याला त्या रात्री भांडी घासावयाची नसतात, हे आम्ही बहुधा विसरतो! पहिल्या समजुतीने गृहिणीला पावित्र्याच्या दाराबाहेर उभे केले. दुसरीने तिची समजूत घालून तिला तेथेच ठेवले.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून निराळी आहे. महासभेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात पावित्र्याचे पाचारण सर्व श्रद्धावंतांना आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. आमच्या लॅटिन परंपरेत विवाह हा तर असा संस्कार आहे, की तो वधू आणि वर स्वतःच एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षी असतो. जी स्त्री वेदीपुढे आपल्या पतीला कृपेचा संस्कार देते, ती घरी येताच केवळ आज्ञा पाळणारी कशी ठरते?

यावर इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचा दाखला हमखास पुढे केला जातो. आमची विनंती एवढीच, की तो बाविसाव्या ओवीपासून वाचू नये, एकविसाव्यापासून वाचावा. तेथे अधीनता दोघांनाही सांगितली आहे, आणि पुढे पतीसमोर आदर्श ठेवला आहे तो क्रुसावर प्राण देणाऱ्या ख्रिस्ताचा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयीच्या पत्रात ही अधीनता परस्परांची आहे, असे प्रतिपादन केले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ साली त्या वचनाचा सांस्कृतिक वेष आणि त्यातील प्रकट संदेश यांत भेद करावयास शिकविले.

स्त्री प्रार्थनेत आणि तपसाधनेत रमली तर घर कोणी सांभाळावे, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर फ्रान्समधील आलाँसाँ या गावात सापडते. झेली मार्टिन या नऊ मुलांच्या माता. त्यांतील चार बालपणीच दगावली. लेस विणण्याचा व्यवसाय त्या स्वतः चालवीत, कामगार स्त्रियांना काम देत आणि नित्य प्रार्थनाही करीत. त्यांचे पती लुई घड्याळजी होते. १८७० साली त्यांनी आपले दुकान पुतण्याला विकले आणि पत्नीच्या व्यवसायाला हातभार लावला. या दांपत्याला १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्रच संतपद बहाल झाले. बाळ येशूची संत तेरेजा यांची कन्या, हे आमच्या घरोघरी ठाऊक आहे. तिच्या पित्याने पत्नीसाठी दुकान विकले, हे मात्र आम्ही प्रवचनात क्वचितच सांगतो.

आणखी एक गोष्ट आम्ही कठोरपणे मांडू इच्छितो. मार खाणाऱ्या भगिनीला 'हा तुझा क्रूस आहे, सोशीत राहा' असा सल्ला देणे म्हणजे क्रुसाची विटंबना आहे. प्रभूने आपला क्रूस स्वेच्छेने स्वीकारला. दुसऱ्याच्या पाठीवर तो लादणारे सैनिक होते. जोडीदारामुळे देहाला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्याचे न्याय्य कारण १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ११५३ वे कलम देते. देशाचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही तिच्या पाठीशी आहे. हे तिला न सांगणे म्हणजे नम्रता शिकविणे नव्हे.

मरियामातेचे मौन पुढे करणाऱ्यांनी शुभवर्तमान पुन्हा उघडावे. तिने देवदूताला प्रश्न विचारला, डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे ती त्वरेने गेली, काना येथे द्राक्षारस संपल्याचे तिनेच सांगितले. मातृत्वाने तिची वाढ थांबविली नाही. पेन्टेकॉस्टच्या प्रार्थनेतही ती प्रेषितांसोबत होती.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मातांसाठी तपसाधना ठेवाल त्या दिवशी मुलांना सांभाळण्याचे काम पित्यांकडे द्या. विवाहपूर्व शिबिरात स्वयंपाकघर हा विषय वरांनाही शिकवा. पाळक मंडळात स्त्रियांना चहाच्या व्यवस्थेपुरते बोलावू नका. आणि रात्री जपमाळेला बसताना, आई अजून ओट्यापाशी उभी असेल, तर प्रार्थना सुरू करण्याची घाई करू नका. आधी उठून तिच्या हातचे काम घ्या. मग सारे मिळून क्रुसाची खूण करा.