उलट्या रेषेची धास्ती

सरकारला दोन वर्षांसाठी कर्ज देणाऱ्यापेक्षा दहा वर्षांसाठी देणाऱ्याला अधिक व्याज मिळावे, हा साधा व्यवहार. अमेरिकेत तो कधीकधी उलटतो. मध्यवर्ती बँक महागाई रोखण्यासाठी अल्पमुदतीचे दर चढवते. उलट, पुढे मंदी येऊन दर उतरतील या भयाने लोक दीर्घमुदतीच्या रोख्यांकडे धावतात. रोखे महागतात, त्यांवरील उत्पन्न घटते. व्याजाची रेषा उलटते आणि वृत्तपत्रे मंदीचा डांगोरा पिटू लागतात.

कॅम्पबेल हार्वे यांच्या १९८६ च्या प्रबंधापासून या रेषेचा दबदबा वाढला. तो अनाठायी नाही. अनेक मंद्यांपूर्वी ती उलटली होती. परंतु १९६६ साली ती उलटली, मंदी आली नाही. जुलै २०२२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ ती उलटीच राहिली. तरी जानेवारी २०२३ मध्ये तेथील बेकारी ३.४ टक्क्यांवर, म्हणजे १९६९ नंतरच्या नीचांकावर होती.

मग घाबरावे का? पावशा ओरडला की शेतकरी सावध होतो. पण पेरणीपूर्वी मातीतली ओल पाहतो. रोजगार, पगार, बाजारातील मागणी ही ती ओल. केवळ धास्तीने कारखानदारांनी नोकरभरती थांबवली, गिऱ्हाइकांनी हात आखडला, तर चुकणारे भाकीतही खरे ठरेल. आणि त्याची पहिली झळ लागेल ती नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या तरुणांना!