जिद्दीचं कौतुक पुरे, कामाला वेळ आणि दाम द्या

आम्ही दोघं बहीण-भाऊ. वस्तीतली पोरं आम्हाला दादा आणि ताई म्हणतात, तीच नावं इथे पुरतील. दादा चित्रकथा काढतो, ताई त्यातली गोष्ट आणि अक्षरं लिहिते. दादाला दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. उजवा पाय पूर्ण गेला, डावा थोडा अधू आहे. कॅलिपर आणि काखेतल्या कुबड्या यांवर चालणं आहे. आमच्या मागे कुणी प्रकाशक नाही. सोळा पानांची पुस्तिका आम्हीच रचतो, झेरॉक्सवर छापतो, घरीच स्टेपल मारतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि जमलं तर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पथारी टाकून ३० रुपयांना विकतो.

आरोग्याच्या पानावर चित्रकथेचं काय काम, असं कुणी विचारेल. काम असं की चित्र हातानं निघत असलं तरी त्याला सगळं शरीर लागतं. आणि आमच्या घरातलं हे शरीर आपल्याच वस्तीच्या एका चांगल्या हेतूच्या सवयीनं बिघडलं. त्याबद्दल उघड बोलायला हवं, कारण अशी घरं आमच्या एकट्याची नाहीत.

काही वर्षांपूर्वी एप्रिल उजाडल्यावर मंडळाची पोरं घरी आली. "दादा, जयंतीला मुलांना वाटायला बाबासाहेबांच्या बालपणावर बारा पानांची चित्रकथा पाहिजे. स्टेजमागचा मोठा पडदा पण तूच रंगव. समाजाचं काम आहे." हाताशी दहा दिवस होते. आमचा वेग म्हणजे दोन दिवसांत एक पान. आधी पेन्सिल, मग शाई, मग अक्षरं. तरी आम्ही हो म्हणालो. दादा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जमिनीवर वाकून बसला. ताई चहा करत राहिली आणि "अजून दोनच पानं राहिलीत" म्हणत राहिली. १४ एप्रिलला चार पोरांनी दादाला खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेलं, कारण स्टेजला पायऱ्या होत्या. शाल मिळाली, पुष्पगुच्छ मिळाला. "पाय नसताना एवढी जिद्द!" असं माईकवर सांगितलं गेलं. टाळ्या झाल्या.

डीजेवाल्याला आगाऊ रक्कम मिळाली होती. मांडववाल्याला, लाईटवाल्याला, फ्लेक्सवाल्याला मिळाली होती. चित्रं काढणाऱ्याला जिद्द मिळाली.

पुढचे दोन महिने दादाच्या उजव्या हातात निब धरवत नव्हतं. खांदा वर उचलत नव्हता. शर्टाचं बटण लावायला आई लागायची. ज्या डाव्या पायावर इतकी वर्षं भार टाकला, तोही मोरीपर्यंत जाताना लटपटू लागला. एका दवाखान्यात "वय झालं, वजन कमी करा" म्हणून गोळ्या दिल्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मन खंबीर ठेव, सगळं होतं." आणि खंबीर राहण्यासाठी दादानं आणखी व्यायाम केला. त्यानं आणखी बिघडलं.

नंतर एका सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात आम्हाला नीट समजावून सांगणारे डॉक्टर भेटले. तिथे आम्ही पहिल्यांदा 'पोस्ट-पोलिओ सिंड्रोम' हे नाव ऐकलं. ज्यांच्या घरात पोलिओ झालेली मोठी माणसं आहेत त्यांनी ते लक्षात ठेवावं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी ज्यांना तो झाला ती माणसं आज तिशी, चाळिशी, पन्नाशीत आहेत. पोलिओत मज्जातंतूंच्या काही पेशी मरतात. उरलेल्या पेशी नवीन फांद्या फोडून अनाथ झालेले स्नायू सांभाळतात. म्हणजे एकानं चौघांचं काम करायचं. अशी पंधरा, वीस, चाळीस वर्षं गेली की त्या पेशी थकतात. मग पूर्वी बरा असलेला स्नायूही दुबळा होतो. सांधे दुखतात, थंडी सोसत नाही, जरा काम केलं की गळून जायला होतं. काहींना गिळताना किंवा झोपेत श्वास घेताना त्रास होतो. हा विषाणू परत आलेला नसतो, दुसऱ्याला लागत नाही. याची एकच अशी तपासणी नाही. थायरॉईड, रक्तक्षय, मधुमेह असं दुसरं काही नाही ना, हे बघून डॉक्टर निदान करतात. मूळ दुखणं पुसून टाकणारं औषध नाही. शक्ती जपून वापरणं, झेपेल तेवढाच आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यानं व्यायाम करणं, आधाराची साधनं नीट बसवून घेणं, हाच मुख्य उपाय.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी दादाला शाल मिळाली, तीच गोष्ट त्याच्यासाठी विष होती.

इथे आम्हाला आपल्या समाजाशी एक नाजूक गोष्ट बोलायची आहे. जयंतीला आपण सलग १८ तास अभ्यास करतो. आम्हीही त्यात बसलो आहोत आणि त्याचा अभिमान आहे. पण तो आकडा प्रत्येक शरीराला लावायचं माप नव्हे. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखायचे, शेवटच्या काळात नजर मंदावली होती. माईसाहेब डॉक्टर होत्या आणि १९४८ पासून त्यांनी हे दुखणं सांभाळलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब दीक्षेच्या मंचावर उभे राहिले ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून. आपण त्यांचे अठरा तास पोरांना सांगतो. ती काठी आणि तो खांदाही सांगितला पाहिजे. आधार घेतल्यानं त्यांचं काम लहान झालं नाही.

धम्मातही सोण भिक्खूची गोष्ट आहे. तो चंक्रमण करता करता पायातून रक्त येईपर्यंत चालत राहिला. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही. आपण ही गोष्ट विहारात ऐकतो आणि बाहेर येऊन अपंग माणसाला "ताण अजून" म्हणतो.

आमच्या धंद्यातला एक माणूस आम्हाला फार जवळचा वाटतो. जपानचे शिगेरु मिझुकी, जन्म १९२२. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात भरती करून रबौलच्या बाजूला पाठवलं. तिथे मलेरियानं आजारी असताना बॉम्बहल्ल्यात जखमी झाले आणि डावा हात गेला. परत आल्यावर त्यांनी रस्त्यावर चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्यांसाठी चित्रं रंगवली. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी असत तसाच हा प्रकार. मग भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी चित्रकथा काढल्या. पैसे तुटपुंजे मिळत. चाळिशी उलटल्यावर, १९६५ मध्ये एक मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा कुठे दिवस पालटले. त्यांची बायको चित्रांच्या कामात मदत करायची. पुढे हाताखाली सहायकही ठेवले. एका हातानं सगळं एकट्यानं करून दाखवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही.

या मिझुकींनी झोपेवर एक छोटी चित्रकथा काढली आहे. त्यांच्या काळातले दोन मोठे चित्रकथाकार, ओसामू तेझुका आणि शोतारो इशिनोमोरी, किती रात्री जागलो हे एकमेकांना सांगत असत. मिझुकी म्हणत, मी भरपूर झोपतो. तेझुका म्हणजे ज्यांनी १९७२ ते १९८३ या काळात बुद्धांच्या जीवनावर भली मोठी चित्रकथा केली तेच. तेझुका आणि इशिनोमोरी दोघंही साठाव्या वर्षी गेले. मिझुकी ९३ वर्षं जगले आणि म्हातारपणीही काढत राहिले. केवळ झोपेमुळे एवढा फरक पडला असं म्हणणं चूक ठरेल. तेझुकांना पोटाचा कर्करोग होता. पण एक हात गमावलेल्या माणसानं जागरणाच्या शर्यतीत उतरायला नकार दिला आणि त्याचं काम त्यामुळे कमी प्रतीचं ठरलं नाही, एवढं तर खरं.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. घरात कुणी अपंग माणूस बसून हातानं काम करत असेल, चित्र असो, शिवणकाम असो, मोबाईल दुरुस्ती असो, त्याला उपयोग होईल.

दादा जमिनीवर वाकून काढत नाही. प्लायवूडच्या फळीला मागून टेकू देऊन ती तिरकी केली आहे, म्हणजे कागद डोळ्यांकडे येतो, मान खाली जात नाही. कोपराखाली जुन्या गोधडीची घडी असते. पायाखाली पाट असतो. अर्धा तास काम, दहा मिनिटं आडवं होणं. थकल्यावर थांबायचं नाही, थकायच्या आधी थांबायचं, आणि हे शिकायला वर्ष लागलं. दिवसाला तीन तास, त्याहून जास्त नाही. सामान एका डब्यात हाताशी ठेवलेलं, म्हणजे रबरासाठी उठावं लागत नाही.

कुबड्यांचं एक महत्त्वाचं. काखेवर भार टाकून लटकू नये. काख आणि कुबडीची गादी यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं, भार तळहातावर यावा. काखेतली नस दाबली गेली की मनगट आणि बोटं बधिर होतात, हात लुळा पडू शकतो. दादाच्या कुबड्या वीस वर्षं चुकीच्या उंचीच्या होत्या. चालायला जो खांदा वापरायचा तोच चित्र काढायला, म्हणून दूर जायचं असेल तेव्हा आता तो व्हीलचेअर वापरतो. "चालता येतं तरी खुर्चीत बसतो" असं बोलणारे आहेत. त्यांना आम्ही सांगतो, चालण्यातली शक्ती वाचवून तो पान पूर्ण करतो.

कागदपत्रांचंही बघा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. अशक्तपणा वाढला असेल तर प्रमाणपत्राची टक्केवारी पुन्हा तपासून घेता येते. जुनं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र पेटीत ठेवून बसू नका, यूडीआयडी कार्ड काढा. याच कायद्याच्या २९ व्या कलमात अपंग कलाकारांना आणि लेखकांना सुविधा, पाठबळ आणि प्रायोजकत्व मिळावं असं म्हटलं आहे. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांना उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. तो पैसा कुठे गेला हे विचारायला मंडळानं आमच्यासोबत यावं. मोर्चा काढायची सवय आपल्याला आहेच. सरकार आम्हाला 'दिव्यांग' म्हणतं. आमच्या अंगात दिव्य काही नाही. मागच्या जन्मीचं फळ म्हणणाऱ्यांना जसं आपण उत्तर देतो तसंच याही शब्दाला देऊ. आम्ही अपंग आहोत, कामगार आहोत.

त्या मंडळाच्या पोरांवर आमचा राग नाही. ती आमचीच पोरं आहेत आणि 'हो' आम्हीच म्हणालो होतो. कौतुक गोड लागतं, दादालाही लागलं. नंतर आम्ही त्यांना घरी बोलावून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पुढच्या जयंतीला स्टेजला प्लायवूडचा उतार आला. त्यावरून दादा स्वतःची खुर्ची ढकलत वर गेला, आणि म्हाताऱ्या आजीबाईही त्याच उतारानं वर आल्या. चित्रांचा मोबदला मात्र अजून ठरायचा आहे. "वर्गणी कमी पडते" म्हणतात.

म्हणून वस्तीकडे आमचं मागणं सरळ आहे. चित्र हवं असेल तर जानेवारीत सांगा, एप्रिलमध्ये नको. निम्मी रक्कम आधी द्या, थोडी असली तरी चालेल, पण वर्गणीच्या हिशेबाच्या कागदावर डीजेच्या ओळीखाली चित्रकाराची ओळ असू द्या. ताईनं लिहिलेल्या अक्षरांचाही त्यात वाटा धरा. आणि घरात पाय अधू म्हणून कोपऱ्यात बसून वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारं पोर असेल, तर त्याला "किती जिद्दी" म्हणण्याआधी त्याची पाठ वाकली आहे का ते बघा. त्याला एक तिरकी फळी करून द्या. झोपायची वेळ झाली की दिवा बंद करा.

पुढची पुस्तिका निम्मी झाली आहे. ६ डिसेंबरला तयार झाली तर चैत्यभूमीवर भेटू, नाही झाली तर पुढच्या वर्षी. जयभीम.